पाण्यातली हिरवी रिंग

बालाजीभाऊ, तुमच्या राजहंसाच्या पायातली रिंग त्यांनी काढून टाकली.

खऱ्या पक्ष्याच्या पायातली नव्हे. पहाटे उठून चिखलात पालथं पडायची त्यांची तयारी कधीच नव्हती. त्यांनी फोटोतली काढली. कॉम्प्युटरवर माऊसनं घासून घासून पुसली, तुम्ही लग्नाच्या अल्बममधले तीळ पुसायचात तशी. आणि तो पुसलेला फोटो भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून तुमच्याच स्टुडिओसमोर, वारंगा फाट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना दिसेल असा टांगला. डावीकडे तुम्ही, उजवीकडे राजहंस, मध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली शोकाकुल म्हणून सहा जणांचे फोटो, त्यातले तिघे गॉगल लावून. शोक करताना ऊन लागत असावं.

मी तेरवीला आले होते. स्कूटी लावली, मान वर केली आणि तिथेच उभी राहिले. आधी तुमचा चेहरा पाहिला. डोळे भरून आले, कारण तो फोटो मला माहीत होता. इसापूर धरणाच्या फुगवट्यावर मीच मोबाइलवर काढला होता, तुम्ही कुणावर तरी चिडलेले होतात. बहुतेक माझ्यावरच. मग नजर राजहंसावर गेली, त्याच्या पायावर गेली, आणि डोळ्यांतलं पाणी होतं तिथेच आटलं. पाय कोरा होता.

संताप म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तुम्ही जिवंत असताना तुमच्यावर मी पुष्कळ चिडले, पण त्याला संताप म्हणत नाहीत. तुमच्याशी भांडून घरी गेल्यावर मला भूक लागायची. त्या दिवशी तेरवीचं पान समोर होतं आणि घास उतरत नव्हता.

तुम्ही फाट्यावरचे फोटोवाले. अर्ध्या तालुक्याच्या लग्नांचे अल्बम तुमच्या हातचे. नवरीचा रंग उजळवायचा, नवरदेवाच्या कपाळावरचं टेंगूळ घालवायचं, रुसून जानवशावर बसलेल्या मामाला दुसऱ्या फोटोतून उचलून मांडवात उभं करायचं, हे तुमच्या हातचा मळ. त्याची तुम्हाला लाज तर नव्हतीच, उलट फुशारकी होती. म्हणून एकदा मी विचारलं, की भाऊ, त्या खंड्याच्या चोचीवर आडवी काडी आली आहे, तेवढी पुसा की, फोटो काय सुंदर होईल. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं मी परीक्षेत पोरांना उत्तरं फळ्यावर लिहून देते म्हटलं असतं.

"लग्नाची मला सुपारी असते मॅडम. लोकायला जसं दिसावं वाटतं तसं मी दावतो. ह्या पाखरानं मला सुपारी देली का? न्हाई ना? मग काडीमागं बसलं तं काडीमागं बसलं."

पक्ष्याच्या फोटोतली काडीसुद्धा पुसायची नाही, असा तुमचा कायदा. फ्लेक्सवर नावं छापणाऱ्या सहाही जणांना तो माहीत होता. सहाही जणांना तुम्ही तो ऐकवला होता, चहाच्या टपरीवर, चढ्या आवाजात.

आपला पक्षी बघणाऱ्यांचा गट म्हणजे मूठभर माणसं आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. पण मुठीतसुद्धा दोन तट. पक्षी जाळीत धरायचा, मोजमाप घ्यायचं, पायात अक्षरं-आकडे असलेली हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचा. पुढे तो जगात कुठेही दिसला तर त्या कडीवरून कळतं, हा कुठून निघाला आणि कुठे पोचला. हे करावं की करू नये, यावरून आपल्याकडे दिवाळीच्या शुभेच्छांतसुद्धा भांडणं झाली आहेत. विरोधी तटाचे म्होरके सुधाकरराव. 'रिंग म्हणजे पक्ष्याच्या पायात बेडी' असं ते दर हिवाळ्यात लिहायचे आणि खाली हात जोडल्याची चित्रं टाकायचे. खरं कारण वेगळं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. रिंगवाल्या पक्ष्याच्या फोटोला स्पर्धेत कुणी विचारत नाही. रिंगेच्या बाजूच्या तटाचे म्होरके प्रशांत सर. त्यांना पक्ष्यापेक्षा पक्ष्याची नोंद प्यारी. कुठे रिंग दिसली की ती कळवायची, मग मानाचं प्रमाणपत्र येतं, ते ग्रुपवर टाकायचं. मी त्यांच्या तटातली. प्रमाणपत्रासाठी नाही, पण त्यांच्याच.

तुम्ही सुधाकररावांच्या बाजूला बसायचात म्हणून लोक तुम्हाला त्यांच्यात धरायचे. पण तुमचा विरोध वेगळ्या मातीतला होता, आणि तो मला पहिल्यांदा कळला तो शिरड शहापूरजवळच्या तुमच्या गावी, तुमच्या भावाच्या मेंढ्यांच्या वाड्यात. तुम्ही एका मेंढीचा कान माझ्यासमोर उलटा करून दाखवलात. कानाला चीर होती. प्रत्येक घराची चीर वेगळी, तुम्ही सांगितलंत. कुणाची टोकाला, कुणाची कडेला, कुणाच्या दोन. कळप एकमेकांत मिसळले की कान बघून वेगळे करायचे.

"लहानपणी मी कान धरायचो आन् बाप कातरायचा," तुम्ही म्हणालात. "मेंढरू वरडतं, मंग इसरून जातं. तकलीफ जास्त न्हाई. पण चीर पडली की ते मेंढरू आमचं झालं. खूण करणं म्हंजी माझं म्हणणं. आता मला सांगा, ते राजहंस कुणाचं हाय?"

मी म्हटलं, रिंग म्हणजे मालकी नव्हे, पत्ता आहे.

"पत्ता कुणाला पायजे? त्याला त्याचं घर सापडून राहिलं की बराबर."

"मग तुमच्या दुकानावर पाटी काहून लावली?" तुमच्याशी भांडता भांडता माझ्याही तोंडात 'काहून' बसला होता.

"ती मी लावली. मला कुणी जाळीत धरून लावली न्हाई."

तो डाव तुमचा. पण तुमच्याकडे तरी सगळी उत्तरं कुठे होती? मी तुम्हाला जिल्ह्याबाहेर एका रिंगिंगच्या शिबिराला ओढून नेलं होतं. तळ्याकाठी बारीक धाग्याची जाळी लावलेली, तिच्यात एक चिमुकला चिखल्या अडकलेला. रिंग घालणाऱ्या बाईंनी तो असा अलगद सोडवला, की एक पीस विस्कटलं नाही. मग त्यांनी तो सोडण्यासाठी माझ्या तळहातावर दिला. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. बालाजीभाऊ, त्या क्षणी मला जे वाटलं त्याची मी तुमच्यापुढे कधीच लाज धरली नाही. मला आनंद झाला होता. तो उडाला आणि मी वळून पाहिलं तर तुम्ही जीपजवळ जाऊन पाठ करून बसला होतात.

परत येताना तुम्ही मग म्हणालात, "हात लई चांगला हाय त्या बाईचा." आणि थोड्या वेळानं, "पण हात लावायचाच कशाला?"

असे भांडायचो आपण. एकमेकांना हरवायला नाही, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायला तर मुळीच नाही. घरात सासूबाई विचारायच्या, आज काय बोलला तुझा तो वैरी? मी सांगितलं की त्यांना तुमचंच पटायचं.

आणि मग तो राजहंस आला. पुस्तकात त्याला पट्टकादंब म्हणतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या म्हणून. तुम्ही त्याला राजहंसच म्हणायचात आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. हिमालय ओलांडून येणारा तो थवा दर हिवाळ्यात फुगवट्यावर उतरतो, आजूबाजूच्या हरभऱ्यात चरतो, शेतकऱ्यांच्या शिव्या खातो. त्या थव्यातल्या एकाच्या पायात तुम्हाला हिरवी रिंग दिसली. काठाशी उथळ पाण्यात उभा होता, पाय मोकळे, खाली पाण्यात त्याचं उलटं रूप. तो फोटो तुम्ही काढलात. अक्षरं वाचता येतील इतका स्वच्छ. मी म्हटलं, कळवू या. तुम्ही म्हणालात, न्हाई. संपलं.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही ढेकळांत पालथे पडला होतात, मी मागे. आणि एकदम तुम्ही ओरडलात. पक्षी बघताना कुणी खोकलं तरी डोळे वटारणारे तुम्ही, बोंब मारलीत.

"मॅडम! तोच हाय! तोच!"

थवा उडाला. तुम्ही उठून बसलात, शर्टभर माती, आणि पोराला पहिला दात आल्यासारखं तोंडभर हसत होतात. तोच परत आला होता. इतक्या लांबून, एवढ्या पसरलेल्या मुलखातून, ह्याच काठावर. मग ते हसू हळूहळू विरलं आणि तुमच्या कपाळाला आठी पडली.

"रिंग नसती तं मला कळलं नसतं," तुम्ही म्हणालात. "थव्यातलं एक, इतकंच म्हणलो असतो. ह्याचाच राग येऊन राहिला."

मी संधी साधली. म्हटलं, मग कळवू या आता तरी. दोन हिवाळे, एकच पक्षी, एकच जागा. कुणाच्या तरी किती कामाचं आहे हे. तुम्ही ढेकूळ उचलून फोडत बसलात. मग म्हणालात, "तिसऱ्या वर्षी आला तं सांगतो तुमाला. सांगतो म्हंजी सांगतो. व्हय का न्हाई ते."

हे तुमचं शेवटचं वाक्य नव्हे. नंतर वर्षभर आपण बोललो, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरून, माझ्या बदलीवरून, मथुरावहिनींच्या गुडघ्यांवरून. पण या भांडणातलं ते शेवटचं वाक्य. त्याला मी धरून बसले होते.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी, मी वर्गात असताना, तुमच्या पुतण्याचा फोन आला. एका लग्नाच्या फोटोंवर काम करता करता खुर्चीतच. छातीत दुखलं म्हणालात, पाणी मागितलंत, आणि पाणी येईपर्यंत थांबला नाहीत. मी खडू हातात धरून उभी होते. तुमच्याशिवाय पक्षी बघायला जायचं म्हणजे कुणाशी बोलायचं, हा विचार आधी आला. वहिनींचा विचार नंतर आला. माणूस किती आपमतलबी असतो.

तर तेरवीचा दिवस. जेवणाआधी गटानं शोकसभा ठेवली होती. सुधाकरराव बोलायला उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, बालाजीभाऊंनी आयुष्यभर रिंगेला विरोध केला, म्हणून त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी त्यांच्या आवडत्या राजहंसाला आम्ही फोटोत बंधमुक्त केलं आहे.

बंधमुक्त! लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही कुणाला सुचलं नाही. ज्या माणसानं पाखरापुढची काडी पुसली नाही, त्याच्या नावानं त्यांनी पाखराचा पाय पुसला. आणि तोही धड नाही पुसला, बालाजीभाऊ! पायावरची रिंग काढली, खालच्या पाण्यातली तशीच राहिली. वर कोरा पाय, खाली उलट्या पायात हिरवी रिंग. लग्नाच्या अल्बममध्ये असं काम कुणी केलं असतं तर तुम्ही त्याला दुकानात उभं केलं नसतं.

मला वाटलं, आता प्रशांत सर उठतील, आमच्या तटाची इभ्रत राखतील. उठले खरे. म्हणाले, सुधाकररावांचा गैरसमज आहे. भाऊ शेवटी बदलले होते. परत आलेला पक्षी ओळखून ते किती खूश झाले हे मॅडमनीच आम्हाला सांगितलं आहे. तेव्हा त्या दोन्ही हिवाळ्यांची नोंद आपण भाऊंच्या नावानं पाठवू. प्रमाणपत्र येईल, ते स्टुडिओत लावू. फक्त मूळ फोटो आणि वहिनींची परवानगी हवी. पुन्हा टाळ्या.

तेव्हा मला तुमच्या भावाच्या वाड्यातला तो उलटा केलेला कान आठवला. तुम्ही गेलात, तुम्हाला हलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि हे दोघे कात्री घेऊन दोन बाजूंनी बसले आहेत. एक म्हणतो आमचा, दुसरा म्हणतो आमचा. तुम्ही त्यांच्यापैकी कुणाचेच नव्हतात. हे मी मनात म्हटलं नाही. उभी राहून मोठ्यानं म्हटलं, आणि शब्द याहून कडक होते. सुधाकरराव म्हणाले, मॅडम, भावना समजून घ्या. मी म्हटलं, कुणाच्या?

वहिनी दाराशी बसल्या होत्या, डोक्यावर पदर. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"मॅडम, मला ह्यातलं काई कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी त्यांच्यासंगं रोज भांडायच्या. तुमीच सांगा. देऊ का फोटो? तुमी व्हय म्हणल्या तं देते."

तुम्हाला कल्पना आहे का, माझ्यावर काय टाकून गेलात? मला तो फोटो पाठवायचाच होता. दोन वर्षं तुमच्या मागे लागले होते त्यासाठी. एक 'हो' म्हटलं असतं तर दूर कुठेतरी, ज्यानं ती रिंग घातली, त्याला कळलं असतं की त्याचा पक्षी जिवंत आहे आणि कुठे हिवाळा काढतो. ते चांगलंच झालं असतं. मला आजही तसं वाटतं. प्रशांत सर माझ्याकडे बघून मान हलवत होते. आणि तुम्ही अडवायला नव्हतात. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्याशी भांडण जिंकू शकत होते.

मी म्हटलं, "नका देऊ वहिनी. ते नाही म्हणाले होते."

"मंग न्हाई," वहिनी म्हणाल्या, आणि पानं मांडा म्हणून पुतण्याला हाक मारली.

तुमच्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकण्यात काही राम नाही, हेही तुम्हीच दाखवून गेलात. आमच्या तटानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे, दुसऱ्या तटाचं आधीच नव्हतं. ग्रुपमधून मला काढलं की ठेवलं, हे मी बघितलंसुद्धा नाही.

तो फ्लेक्स दुसऱ्या दिवशी पुतण्यानं उतरवला. वहिनींनी तो शेळ्यांच्या गोठ्याच्या छपरावर टाकला, छापील बाजू खाली. गॉगलवाले शोकाकुल आता शेळ्यांकडे बघत आहेत. तुमचा चेहरा मात्र वहिनींनी आधी कात्रीनं कापून घेतला. आणि स्टुडिओत, अल्बमच्या कपाटावर, तुमचा मूळ फोटो लावला आहे. पायात रिंग, पाण्यात रिंग, खाली ना नाव ना प्रमाणपत्र. गिऱ्हाईक विचारतं, हे पायात काय हो? पुतण्या सांगतो, काकाला इचारायला पायजे व्हतं.

खरं तर इथे थांबायला हवं. पण काल रविवार होता.

मी एकटीच गेले होते फुगवट्यावर. थवा आला आहे. हरभऱ्यातून कुणीतरी हाकलला, तसा पाण्यात उतरला आणि पोटापर्यंत बुडून राहिला. पाय दिसेनात. तुम्ही असतात तर पालथे पडून वाट बघितली असतीत, म्हणून मीही पडले, साडी नेसून, माझ्या वयाला. दुर्बिणीत नुसतं पाणी. शेवटी एकेक करून ते काठाला आले, अंग झाडू लागले, आणि एकाच्या पायात हिरवं दिसलं. अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. ओरडायला तोंड उघडलं आणि कुणाला हाक मारायची ते कळेना.

तुमचे दोन हिवाळे तुमचे. त्यांना मी हात लावणार नाही, कुणाला लावू देणार नाही. हा तिसरा मात्र मी पाहिला आहे, माझ्या डोळ्यांनी, आणि मी तो कळवणार आहे, माझ्या नावानं. तुम्हाला पटणार नाही. पटवून घेऊ नका. या आणि भांडा.

तिसऱ्या वर्षी आला तर सांगतो म्हणाला होतात. सांगतो म्हणजे सांगतो. तो आला आहे, बालाजीभाऊ. सांगा आता.